डाग घालून मिळतील

“डाग काढतात ना इथे?”

आवाज पडद्याबाहेरून आला, आणि आवाज चक्क पुरुषाचा. आता सरला ब्युटी पार्लरच्या दारावर ‘फक्त महिलांसाठी’ असं गुलाबी अक्षरांत, बाजूला एका गोऱ्यापान बाईच्या चित्रासकट लिहिलेलं होतं. पण धडगावात पाट्या वाचतंय कोण? जीपवर ‘नऊ आसनी’ लिहिलेलं असतं आणि आत अख्खं वऱ्हाड कोंबलेलं असतं.

कोकिळानं हातातली कात्री ठेवली, पडदा सारला. बाहेर एक उंच, सावळा तरुण. कडक इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खांद्याला आरोग्य खात्याची पिशवी, आणि चेहरा असा, की चोरी करायला शिरलाय आणि घरमालकानंच चहा विचारलाय.

“काढतात की,” ती म्हणाली. “मुरमांचे, वांगाचे, उन्हाचे. कुणाचे काढायचेत? बहिणीचे का बायकोचे?”

“बायको नाहीये.” हे त्यानं इतक्या घाईनं सांगितलं, की सांगून झाल्यावर स्वतःच लाजला. “आणि काढायचे नाहीयेत. मला... घालायचेत.”

“काय घालायचेत?”

“डाग.”

कोकिळा मूळची प्रकाश्याची. तापीकाठची पोर, जीभ तशीच वाहती. मावशीचा नवरा धडगावला पंचायत समितीत नोकरीला, म्हणून मावशीचं पार्लर इथे. आणि मावशीचे गुडघे बोलायला लागले, म्हणून दोन वर्षांपासून कोकिळा इथे. तेवढ्या काळात तिनं नवऱ्या सजवल्या, भुवया कोरल्या, एका सरपंचीणबाईंचे केस गुपचूप काळे केले. पण डाग घाला म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच.

“आत या,” ती म्हणाली. “बाहेर उभे राहिलात तर लोकांना वाटेल, भुवया करायला आलात.”

तो आत आला. नाव गिरधर. गिरधर पावरा, आरोग्यसेवक. आणि मग स्टुलाच्या अगदी कडेवर बसून त्यानं जे सांगितलं, ते असं.

“आमच्याकडे पोरं गुरं चारायला जातात ना, तिथे एकमेकांच्या हातावर डाग देतात. चिंधीची पेटती सुरळी टेकवायची. मनगटाच्या वर, एकापुढे एक, पाच. ओरडला तो हरला. माझ्या बापाच्या हातावर आहेत, काकाच्या आहेत... मी त्या वयात आश्रमशाळेत होतो. तिथे कुठली गुरं? राहून गेलं.”

“मग राहू द्या की.”

“आजी राहू देईना. दिवलीबाई. एकच धोशा — तुझ्या हातावर काही नाही, वर गेल्यावर तुझा आजा तुला ओळखणार कसा? सारखं तेच. जेवता जेवता मध्येच डोळे पुसते.” त्यानं मान खाली घातली. “परवा फोनवर रडायला लागली. म्हटलं, आजी, घेतले मी डाग. तोंडातून निघून गेलं! आता म्हणते, ये, हात बघू दे.”

“मग घ्या ना खरेच. का घाबरता विस्तवाला?”

तिनं गंमतीत विचारलं होतं. तो मात्र हसला नाही.

“मी पाड्यापाड्यावर काय सांगत फिरतो माहितीये? बाळाचं पोट फुगलं की लोक विळा तापवून पोटावर डाग देतात. ते देऊ नका, दवाखान्यात आणा, म्हणून. गेल्या पावसाळ्यात असंच एक लेकरू छातीशी धरून घाट उतरलो...”

“वाचलं?” कोकिळाचा आवाज आपोआप हळू झाला.

“वाचलं. आता पळतं. पण त्या दिवसापासून मी चुलीजवळसुद्धा लांब बसतो. आणि मीच हात डागून घेतला, तर उद्या कुठल्या तोंडानं सांगू लोकांना?”

कोकिळानं खुर्ची पुढे ओढली.

“आजींना दिसतं का?”

“अजिबात नाही. बोटांनी बघते. म्हणून तर नुसता रंग चालणार नाही. हाताला लागायला पाहिजे.”

झालं! ‘जमणार नाही’ची भिंत दिसली की कोकिळाला शिडी आठवते. सुरतेला नवरीच्या मेकअपचा कोर्स करताना एका बाईनं नाटकातल्या जखमा कशा करायच्या ते शिकवलं होतं. तिनं कपाटातून गोल टिकल्यांचं पाकीट काढलं. मखमलीच्या, लाल, रुपयाएवढ्या. टिकली चिकटवायची, वर पापण्या चिकटवायचा गोंद, गोंदावर कापसाचा पातळ पदर, परत गोंद. सुकला की कातडीच्या रंगाची क्रीम, मध्ये जरा काळपट, कडेला जरा गुलाबी.

“हात द्या.”

त्यानं हात पुढे केला. तिनं तो आपल्या मांडीवरच्या टॉवेलवर घेतला, बाही कोपरापर्यंत दुमडली आणि बोटांनी मनगटाची नाडी चाचपावी तसं जरा दाबून पाहिलं. जागा सपाट आहे का, एवढंच बघायचं होतं. खरंच, एवढंच.

“काय हो, नाडी किती जोरात पळतेय! आरोग्यसेवक ना तुम्ही?”

“घाट चढून आलोय,” तो म्हणाला.

पार्लर जीपस्टँडला लागून होतं. घाट कुठला, उंबऱ्याची एक पायरी होती.

पाची डाग झाले तेव्हा कोकिळानं डोळे मिटून त्यांवरून बोट फिरवलं. दिवलीबाईचं बोट होऊन. गोल, जरासे उंच, मध्ये किंचित खोल. अगदी खरे वाटणारे डाग. डोळे उघडले तर तो डागांकडे बघतच नव्हता.

“आठवडाभर टिकतील,” ती घाईघाईनं म्हणाली. “पाण्यात जास्त भिजवू नका.”

पुढच्या बाजारच्या दिवशी तो परत आला, रुमालात बांधलेली बोरं घेऊन.

“आजीनं पाची डाग चाचपले. आणि मग इतकी हसली, इतकी हसली! मला वाटलं रडेल, तर हसतच सुटली. जाताना म्हणाली, पुढच्या आठवड्यात परत दाखवायला ये.”

“मग! मी आहेच हुशार,” कोकिळा एक बोर तोंडात टाकत म्हणाली.

“हो... फक्त एक आहे.” तो घुटमळला. “डाग डाव्या हातावर असतात.”

कोकिळाच्या तोंडातलं बोर तोंडातच राहिलं. “आणि आपण घातले उजव्या?”

“उजव्या.”

“अहो, मग तेव्हा बोलला का नाही?”

“जीपमध्ये बसल्यावर लक्षात आलं.”

“बापाचे बघता, काकाचे बघता, अख्ख्या पाड्याचे डावे हात बघत मोठे झालात, आणि लक्षात नाही आलं?”

तो छताकडे बघत म्हणाला, “तुम्ही हात धरला होता.”

कोकिळानं बोराची बी इतक्या जोरात थुंकली, की ती थेट शाम्पूच्या बाटलीवर जाऊन आपटली. मग दोघांनी विचार केला, की आजीला काही कळलेलं नाही. आता हात बदलला तर मात्र कळेल. उजवा तर उजवा.

आणि सुरू झालं रामायण. दर बाजाराला गिरधर यायचा, जुने डाग काढून नवे घालून घ्यायचा आणि तिथूनच जीप पकडून आजीकडे जायचा. येताना कधी आवळे, कधी मधाचं पोळं, एकदा तर नुसतंच रानातलं मोराचं पीस.

“हे कशाला?” कोकिळानं विचारलं.

“रस्त्यात पडलं होतं.”

“रस्त्यात पडलेलं सगळं मला आणून देणार का?”

“नाही... चांगलं असेल तेच.”

असं साधंसुधं बोलून तो निघून जायचा आणि कोकिळा पुढच्या गिऱ्हाइकाची भुवई जास्तीची कोरून ठेवायची.

एकच अडचण होती. आठवडा फार लांब होता.

आता कोकिळानं जे केलं ते कुणी करू नये. पण केलं. पापण्यांच्या गोंदाच्या बाटलीत तिनं जरासं गुलाबपाणी घातलं. अगदी जरासं. गोंद पातळ झाला, डाग तिसऱ्या दिवशीच कडेनं सुटायला लागले, आणि गिरधर बाजाराच्या आधीच धापा टाकत हजर.

“निघाले बघा! मी भिजवले पण नाहीत.”

“घाम येत असेल तुम्हाला,” कोकिळा गंभीर चेहऱ्यानं म्हणाली. “कातडी तेलकट आहे तुमची. मधूनमधून येऊन दाखवत जा.”

पुढच्या वेळी तिनं गुलाबपाणी आणखी दोन थेंब वाढवलं.

मावशीचे गुडघे दुखत होते, डोळे नव्हते दुखत. एक दिवस सरलाबाई आतल्या खोलीतून बाहेर आल्या, पदरानं वारा घेत बसल्या आणि अहिराणीत म्हणाल्या, “हाऊ पोऱ्या आठे इतला कसाले येस वं?”

“त्याना हातनी कातडी नाजूक शे, मावशी. दवा लाई ऱ्हायनू.”

“सरकारी दवाखानाना माणूस, आनि दवा तू लाई ऱ्हायनी?” सरलाबाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “मन्हा केस काय उन्हामा पिकनात का?”

कोकिळानं वाटी उचलली आणि फेसपॅक कालवायला लागली. वाटी रिकामी होती.

होळी तोंडावर आली. डोंगरात पळस पेटला, रात्री लांबून ढोलाचा सराव ऐकू यायला लागला. आणि एका सकाळी, कोकिळानं शटर वर केलं न केलं तोच, गिरधर पायरीवर बसलेला. ना आवळे, ना बोरं. डोळे रात्रभर न मिटल्यासारखे.

त्यानं बाही वर केली. पाचाच्या जागी चार.

“एक कुठेय?”

“आजीकडे राहिला,” तो म्हणाला. “माझा हात हातात धरून झोपली होती. काल सकाळी उठलो तर एक नाही. अंथरूण झटकलं, जमीन शोधली. नाही. आजी नुसती म्हणाली, ज्यानं हे डाग दिलेत त्याला भोंगऱ्याला घेऊन ये. मला भेटायचंय.”

कोकिळानं उरलेल्या चार डागांवर त्याची बाही खाली ओढली.

“मी सगळं खरं सांगून टाकणार,” गिरधर म्हणाला. “तिला वाटेल, आंधळी झाली म्हणून नातवानं फसवलं. तसंच झालं ना शेवटी? आता तर मला ओळखणारच नाही ती, वर सोडा, इथेच...” तो थांबला. मग अगदी बिचाऱ्यासारखं म्हणाला, “पण तो निघालाच कसा? पहिल्यांदा तर आठवडाभर हलला नव्हता.”

हीच वेळ होती. ‘गोंदात मी गुलाबपाणी घातलं’, एवढंच वाक्य. पण त्या वाक्याच्या मागे लगेच ‘का?’ उभं होतं, आणि त्या ‘का’चं उत्तर द्यायला कोकिळाची ती वाहती जीभ वळेना.

“मी येते,” ती एवढंच म्हणाली.

भोंगऱ्याचा बाजार म्हणजे होळीच्या आधीचा बाजार. खालचे लोक उगाच काहीबाही सांगतात, की तिथे पोरं पोरी पळवतात. पळवतात कुठलं! लोक गूळ घेतात, डाळ्या घेतात, साखरेचे हार घेतात, ढोल पोटाला बांधून घामाघूम होईस्तो नाचतात, आणि पोरींच्या चांदीचा असा लखलखाट असतो की डोळे दिपावेत. त्या गर्दीतून गिरधर पुढे आणि कोकिळा मागे. एकदा ढोलवाल्यांचा लोंढा मध्ये शिरला तेव्हा त्यानं मागे न बघता हात पुढे केला. तिनं धरला. उजवाच होता.

“ऐका,” ती ओरडून म्हणाली. ढोलांमुळे ओरडावंच लागलं. “गोंदात मी गुलाबपाणी घालायचे!”

“काय?”

“गुलाबपाणी! डाग लवकर निघावेत म्हणून!”

तो जागच्या जागी थांबला. मागचा माणूस त्याच्यावर आदळला आणि पावरी बोलीत काहीतरी सुनावून गेला.

“का पण?”

नेमके त्याच वेळी ढोल थांबले. अख्ख्या बाजारात जणू कोकिळाच्या उत्तरासाठीच शांतता पसरली. तिनं हात सोडवून घेतला आणि पुढे चालायला लागली. “आजी कुठे बसल्यात ते सांगा आधी.”

दिवलीबाई कडुलिंबाच्या बुंध्याशी बसली होती. सुकलेल्या आवळ्यासारखी एवढीशी, गळ्यात चांदी मात्र किलोभर. समोर डाळ्यांचा पुडा. पायांचा आवाज ऐकूनच तिनं मान वर केली.

“आला का? आणि दुसरी पावलं कुणाची? हलकी आहेत.”

आजी पावरीत बोलत होती. आता गिरधरला एक ठाऊक नव्हतं. दोन वर्षं ज्या बायकांचे केस धरले, त्या काय मराठीत गप्पा मारत होत्या? कोकिळाला पावरी बोलता येत नसे फारशी, पण कळायची सगळी.

“ही कोकिळा. हिनंच ते...” गिरधरनं बाही मागे सारली. “आजी, मला तुला काही सांगायचंय.”

“थांब रे. तिचा हात दे.”

दिवलीबाईनं कोकिळाचा हात हातात घेतला. खरखरीत बोटं तळव्यावरून फिरली, मनगटावर आली आणि थांबली. तिथे एक लांबट, गुळगुळीत वण होता.

“हा खरा आहे,” आजी म्हणाली. “हा कशाचा?”

“केस सरळ करायच्या मशीनचा,” कोकिळा मराठीत म्हणाली. तेवढी मराठी बाजारात आजीच्याही कानावरून गेलेली होती.

आजी खुदकन हसली. मग नातवाकडे वळली. “हात चांगला आहे पोरीचा. कामाचा. घरात आणण्यासारखी आहे.”

गिरधरचे कान लाल झाले. कोकिळाकडे न बघता तो म्हणाला, “आजी म्हणते, ऊन फार आहे यंदा.”

“हो का,” कोकिळा म्हणाली.

“आणि तू तोंड का पाडून बसलास?” आजी पुढे बोलायला लागली. “मला फसवलंस म्हणून ना? अरे येड्या, फसवायचं तर नीट फसवावं! उजव्या हातावर डाग असतात का कुणाच्या? तू पहिल्या दिवशी हात पुढे केलास तेव्हाच कळलं. आणि डागाला गुलाबाचा वास येतो होय?”

गिरधर मटकन खालीच बसला. “मग... मग बोलली का नाहीस?”

“कशाला बोलू? नोकरी लागल्यापासून तू दिवाळीला यायचास नि होळीला यायचास. हे डाग आले आणि तू दर आठवड्याला यायला लागलास. मग आठवड्यातून दोनदा. खरे असते तर एकदा दाखवून गेला असतास, परत वर्षानं.” ती पुढ्यातल्या डाळ्या चाचपत राहिली. “निघून जात होते, तेच बरं होतं मला.”

कोकिळाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही. एकाच गोंदाच्या बाटलीवर दोघीजणी जगत होत्या की!

“पण आजाचं काय?” गिरधरनं लहान पोरासारखं विचारलं. “तो मला ओळखणार कसा?”

दिवलीबाईनं डाळ्यांचा पुडा बाजूला सारला. ढोल पुन्हा सुरू झाले होते, लांबून.

“आधी कोण जाणार? मी ना? मग झालं. मी तिथे दाराशीच बसेन. तुझ्या आजाला सांगेन, बघ रे, तो येतोय ना रिकाम्या हाताचा, ज्यानं लोकांची लेकरं डागू दिली नाहीत, तो आपलाच.”

गिरधरनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग एकाएकी तिनं लुगड्याच्या कनवटीची गाठ सोडली आणि काहीतरी चिमटीत काढलं. कापूस, गोंद, सगळं खरवडून साफ केलेली, लाल मखमली टिकली.

“हे निघालं तुझ्या हातावरून. तेव्हा मला कळलं,” ती म्हणाली, “की डाग खोटा असला तरी पोरगी खरी आहे. इकडे ये गं.”

कोकिळा वाकली. आजीनं तिचं कपाळ बोटांनी मापलं आणि टिकली दाबून बसवली.

“आता हिला सांग,” आजीनं नातवाला कोपरानं ढोसलं, “की तुला ती आवडते. मला ऐकू आलं पाहिजे.”

गिरधर उठून बसला. घसा खाकरला. “आजी म्हणते की —”

“ऊन फार आहे यंदा,” कोकिळा म्हणाली. “कळलं मला. मघाचंही कळलं. पावरी येते मला ऐकायला.”

त्याचा चेहरा असा झाला, की दिवलीबाईला दिसला असता तर ती दिवसभर हसली असती. दिसला नाही, तरी ती हसतच होती.

“मग... गुलाबपाणी का घातलं ते सांग,” तो म्हणाला. ‘तुम्ही’ कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

“तू लवकर यावंस म्हणून. आता विचार परत! मोठ्यानं सांगते. ढोल परत थांबायच्या आत विचार.”

तो हसला. पहिल्यांदाच असा, दात दाखवून, मोकळा. मग तिच्या कपाळाकडे बघत म्हणाला, “टिकली वाकडी बसलीये. एका बाजूला. सरळ करू?”

“हात लावायचा नाही. गोंद संपलाय तिचा. पडेल.”

“आणि पडली तर?”

कोकिळानं आजीच्या पुड्यातल्या मूठभर डाळ्या उचलल्या, दोन तोंडात टाकल्या.

“पडली तर लावायला तूच यायचं. पण पार्लरमध्ये नाही, प्रकाश्याला. आमच्या घरी, ओसरीवर, बाबांच्या समोर. आणि येताना कुणाला तरी सोबत आण, बोलायचं काम तुझं एकट्याचं नाही.”

गिरधर काही बोलायच्या आत दिवलीबाईनं काठी टेकली आणि उठायलाच लागली.

“जीप कितीला सुटते गं प्रकाश्याची?”